ज्योत्स्नामधला 'त'

भिंतीवर स्वतःचं नाव वाचून ज्योत्स्ना पहिल्यांदा जे बोलली ते मला अजून आठवतं. ती म्हणाली, "त कुठंय?"

शाळेची वेळ झालेली. मी तिच्या शेजारी दप्तर सावरत उभी होते. समोर बंद पडलेल्या सूतगिरणीची लांबलचक भिंत, आणि तिच्यावर लाल ऑइलपेंटनं हातभर उंचीची अक्षरं: 'जोसना आय लव्ह यू'. रंग अजून ओला होता. 'यू'चं शेपूट ओघळून पार गटारापर्यंत गेलं होतं.

"वैजू, बघ की. ज ला य जोडलेला नाही, त तर गायबच. जोसना म्हणं!"

"अगं बये, तुला शुद्धलेखन सुचतंय?" मी तिचा हात ओढला. "चल आधी इथनं. कुणी बघितलं म्हणजे?"

"बघू दे. ही मी नव्हेच. ही कोण जोसना हाय, ती तिचं बघून घेईल."

असं म्हणाली खरी, पण शाळेपर्यंत माझ्यापुढं झपाझप चालत राहिली. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. नववीच्या वर्गात आमच्या दोघींचा बाक एक, डबा एक आणि शिक्षाही बहुतेक वेळा एकच, त्यामुळे तिचे कान लाल झाले की तिच्यामागं धावायची पाळी माझ्यावर यायची.

तिच्या नावाची आधीच रड होती. आमच्या इचलकरंजीत यंत्रमागांच्या गल्लीत राहणाऱ्यांना कळेल मी काय म्हणते ते. दिवसरात्र मागांची खटखट चाललेली असते. तिथं माणसं बोलत नाहीत, ओरडतात, आणि ओरडताना जोडाक्षरं टिकत नाहीत. प्रकाशचा परकाश होतो, वैजयंतीची वैजी होते. अशा ठिकाणी लक्ष्मीकाकूंनी पोरीचं नाव ठेवलं ज्योत्स्ना! बारशाला आत्यानं 'सुवर्णा' ठरवून आणलं होतं. पण आयुष्यात कधी वर मान करून न बोललेल्या लक्ष्मीकाकू त्या दिवशी पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या म्हणे. "ज्योत्स्नाच. ज्योत्स्ना म्हंजे चांदणं," एवढंच म्हणत होत्या. शेवटी आण्णा, म्हणजे ज्योत्स्नाचे वडील, म्हणाले, चांदणं तर चांदणं, चांगलं हाय की. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनीच तिला 'जोसना' म्हणायला सुरुवात केली. आमच्या गल्लीत ते नाव धड घेणारी दोनच माणसं होती, एक तिची आई आणि दुसरी ती स्वतः.

त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत भिंतीची बातमी गल्लीभर झाली होती. ते कुणी लिहिलं हे आजतागायत कळलेलं नाही. खरं सांगायचं तर कुणी शोधायलाही गेलं नाही. पोरगी कोणती, हे कळलं होतं ना, मग झालं.

संध्याकाळी मी गणिताची वही घेऊन तिच्याकडं गेले तर आण्णा दारातच बसले होते. आण्णा जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. अख्ख्या गल्लीत त्यांच्या शब्दाला मान. मागावर ओरडावं लागायचं, पण घरी आवाज न चढवता बोलायचे, म्हणूनच जास्त भीती वाटायची. त्यांच्या पायाशी चुन्याची रिकामी बादली होती. भिंतीवर चुना फासून ते नुकतेच आले होते.

"उद्यापासनं शाळा बंद," ते म्हणाले. मला नव्हे, आत बसलेल्या ज्योत्स्नाला. "सोमवारी तुझा मामा येतोय. त्याच्यासंगं त्याच्या गावी, जतला जायाचं."

"पण आण्णा, मी काय केलं?" आतून आवाज आला.

"तू काय केलंस, ते कोण इचारतंय? नाव कुणाचं हाय, एवढंच लोक बघत्यात. एकदा नाव गेलं की गेलं."

स्वयंपाकघराच्या चौकटीत लक्ष्मीकाकू उभ्या होत्या. हातात पीठ तसंच वाळत चाललेलं. त्या काही बोलतील म्हणून मी बघत राहिले. त्या आत वळल्या आणि भाकरी थापायला बसल्या. मी आल्या पावली परत फिरले आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. जतला शाळा होती की नाही कोण जाणे, पण तिथं पोरीला शाळेसाठी पाठवत नव्हते, एवढं मला कळत होतं.

सकाळी एकटीच शाळेला निघाले. भिंतीजवळ आले आणि थबकले. चुना वाळला होता आणि त्याच्याखालून लाल रंग वर आला होता. आता तो गुलाबी दिसत होता. लालपेक्षाही लांबून वाचता येत होता.

शाळा सुटल्यावर मी गेले ती थेट पाण्याच्या टाकीकडं. त्या पंधरवड्यात नगरपालिकेनं गावातल्या भिंती रंगवायला काढल्या होत्या आणि टाकीवर अबोलीताई चित्र काढत होती. कोल्हापूरची पोरगी, आमच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. डोक्याला ओढणी गुंडाळून परांचीवर चढायची आणि टाकीच्या पोटावर भलामोठा खंड्या पक्षी रंगवायची. नाव अबोली, पण तोंड दिवसभर चालू, एकतर बोलायला नाहीतर भडंग खायला. मी आणि ज्योत्स्ना रोज शाळा सुटली की खाली विटांवर बसून माना मोडेपर्यंत वर बघायचो. बाईमाणूस एवढ्या उंचावर चढून सगळ्या गावादेखत रंगात हात बुडवतं, याचंच आम्हाला कोण अप्रूप! ज्योत्स्ना तर घरी जाऊन पाटीवर खंड्या गिरवत बसायची.

"आज एकटीच?" अबोलीताईनं वरूनच विचारलं. "जोडीदारीण कुठाय?"

मी सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू आलं. ती खाली उतरली, माझ्या ओंजळीत भडंग ओतला आणि शेजारी विटेवर टेकली.

"ताई, तुमच्याकडं चांगला रंग हाय. तेवढं नाव पुसून द्या की."

"देईन. रंगाच्या एका हातात झाकून टाकीन. आणि उद्या तो परत लिहील, मग?"

मी वर बघितलं. खंड्या पुरा झाला होता आणि त्याच्या पायाखाली तिनं सही केली होती, 'अबोली'. एकेक अक्षर माझ्याहून उंच. येणाऱ्या-जाणाऱ्या एसटीतनंसुद्धा दिसावं असं.

"ताई, तुमचं नाव एवढं मोठं लिवलंय. तुम्हाला घरचे काय बोलत न्हाईत?"

ती हसली. "का बोलतील? मी माझ्या हातानं लिहिलंय. मी लिहिलं म्हणून ते माझं. दुसऱ्यानं लिहिलं असतं तर बोलले असते."

ती सहज बोलून गेली आणि ब्रश धुवायला उठली. मी मात्र भडंग खायची विसरले.

तिथनं मी पळत सुटले ती ज्योत्स्नाच्या परसदारी. मायलेकी कांड्या भरत बसल्या होत्या. मागात इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात जी सुताची कांडी बसते ती भरायची, हे आमच्याकडच्या बायकांचं घरबसल्या काम. ज्योत्स्नाचे डोळे सुजले होते. मी खिडकीच्या गजाला तोंड लावून टाकीवरची सगळी हकिगत सांगितली. लक्ष्मीकाकू माझ्याकडं पाठ करून बसल्या होत्या. कांड्या भरायचं यंत्र चालू होतं, त्यामुळे त्यांना ऐकू जात नसावं असं मला वाटलं.

ज्योत्स्नानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वैजू, शाळेच्या हजेरीत माझं नाव हायच की रोज. बाई मोठ्यानं वाचतात. त्याला कुणी नावं ठेवतं काय?"

"न्हाय."

"का न्हाय? कारण तिथं सगळ्यांची असतात. भिंतीवर माझं एकटीचं हाय म्हणून सगळे बघायला लागलेत. सगळ्याजणींनी लिहिलं तर? आपल्या आपल्या हातानं?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "मी बघतो!" मी म्हणाले. आमच्याकडं पोरीबाळीसुद्धा 'येतो, जातो, बघतो'च म्हणतात, बाहेरची माणसं हसतात त्याला, हसोत बापडी.

"पण मला कोण सोडणार?" ज्योत्स्ना म्हणाली.

लक्ष्मीकाकूंचं यंत्र थांबलं होतं. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "सूत तुटलंय बघ ज्योत्स्ना. गाठ मार."

वर्गातल्या पोरींना तयार करणं म्हणजे बेडकं तागडीत तोलण्यातला प्रकार होता. एक हो म्हणाली की दुसरी मागं सरायची. पल्लवी हुपरे म्हणाली, "माझं बी नाव लोकांच्या तोंडात जाईल."

"तुझं नाव कापडदुकानाच्या पाटीवर हाय की. 'पल्लवी साडी सेंटर.' तेव्हा न्हाय का गेलं?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? ते मालकानं लिवलं, हे तू लिव."

रेश्मा मुल्लाणी मागच्या बाकावरून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "माझं सगळ्यात मोठं लिहिणार, आधीच सांगून ठेवतो." त्यानंतर चढाओढ लागली. आमच्या बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण शनिवारी खडूंचा डबा टेबलावर उघडा टाकून गेल्या. आणि अबोलीताईला ती भिंत नगरपालिकेनं आधीच नेमून दिलेली होती. "भिंत सुंदर करा म्हणालेत," ती म्हणाली. "काय काढायचं ते कुठं सांगितलंय?"

रविवारी सकाळी कोवळ्या उन्हात आम्ही जमलो. अबोलीताईनं आदल्या दिवशीच सगळ्या भिंतीला हळदीपिवळा रंग लावून ठेवला होता. फक्त गुलाबी नावाची जागा तेवढी सोडली होती. तिनं खडूनं लांब रेघा मारल्या आणि आम्हाला ओळीत उभं केलं.

"वहीतलं अक्षर मनगटातनं येतं," तिनं शिकवलं. "भिंतीवरचं खांद्यातनं येतं. हात लांब करा. घाबरत काढाल तर घाबरलेलंच दिसेल."

पहिली रेघ मी मनगटानंच मारली. 'वै'च्या दोन मात्रा दोन गावांना निघाल्या. पण 'ज'पाशी येईपर्यंत खांदा मोकळा झाला आणि 'ती'ची वेलांटी मी अशी फिरवली की अबोलीताईनं शिट्टी वाजवली. मागं सरून बघितलं. वैजयंती! घरी, दारी, शाळेत वैजी वैजी म्हणून हाका मारतात, ती मी एवढी मोठी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

बघता बघता बघे जमले. सायकली थांबल्या, दूधवाले थांबले, मागावरून पाळी संपवून निघालेली माणसं कपाळावर हात धरून वाचायला लागली. मोटरसायकलवरचा एक शहाणा ओरडला, "फोन नंबर पण लिहा की खाली!"

"तुझ्या आईचा लिहू?" रेश्मानं वळूनही न बघता विचारलं. लोक खो खो हसले. त्यानं गाडीला किक मारली ती तीन वेळा फुकट गेली, तेव्हा तर आणखीच हसले.

ऊन चढलं. भिंत भरत आली. रेश्मा, पल्लवी, शुभदा, अनुजा, कुणी लाल, कुणी निळी, कुणी नावाच्या रेघेला फुलं लटकवलेली. मधोमध तेवढी ती चुन्याची जागा, आणि तिच्यात ते गुलाबी 'जोसना'. सगळ्या रंगांत आता ते फारच केविलवाणं दिसत होतं.

"ही जागा मीच रंगवून टाकू का?" अबोलीताईनं हळूच विचारलं. "दुपार झाली."

"न्हाय," मी म्हणाले. "ती येणार."

मला काही खात्री नव्हती. आण्णांची दिवसपाळी होती हे खरं, पण पोरीला उंबरा ओलांडू द्यायचा नाही असं बजावून ते गेले होते आणि त्यांचा शब्द मोडायची त्या घरात रीत नव्हती. उद्या मामा येणार होता. ती आलीच नाही तर आमच्या सगळ्यांच्या नावांचं आम्ही काय करायचं होतं? मी ब्रश धरून त्या जागेपुढं नुसती उभी राहिले.

आणि मग गल्लीच्या तोंडाशी त्या दोघी दिसल्या.

लक्ष्मीकाकू पुढं. डोक्यावरचा पदर घट्ट, नजर सरळ. त्यांनी ज्योत्स्नाचं मनगट धरलं होतं. गर्दी आपोआप बाजूला झाली. काकू भिंतीपुढं आल्या, ते गुलाबी नाव त्यांनी एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि लेकीचं मनगट सोडलं.

"लिव्ह," त्या म्हणाल्या. "नीट लिव्ह. काना-मात्रा चुकली तर बघ."

ज्योत्स्नानं माझ्या हातातला ब्रश घेतला. गर्द निळा रंग होता. तिनं हात लांब केला आणि खांद्यातून 'ज' काढला, त्याला 'य' जोडला, वर काना आणि मात्रा दिली. मग 'त'. अर्धा 'त', पण काय ऐटीत काढला तिनं! त्याला बिलगून 'स', 'स'ला बिलगून 'ना'. तीन अक्षरं एकमेकांचे हात धरून उभी राहिली. खालचं गुलाबी त्यांच्याखाली कधी बुजून गेलं ते कळलंही नाही. शेवटी तिनं वरची रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात.

ज्योत्स्ना.

आम्ही पोरींनी असा काही आरडाओरडा केला की दोन गल्ल्या सोडून पलीकडची कुत्री भुंकायला लागली. ज्योत्स्ना कपाळाला निळा रंग लावून घेऊन हसत होती. पाच दिवसांनी मी तिचे दात बघत होते.

तेवढ्यात काकूंनी हात पुढं केला. "आन तो इकडं. मी बी लिवतो."

अबोलीताईनं लगेच लाल रंगाचा डबा त्यांच्यापुढं धरला. ज्योत्स्नाच्या नावाच्या वर थोडी पिवळी जागा उरली होती. काकूंनी पदर खोचला, भिंतीलगतच्या विटांवर चढल्या आणि लिहायला लागल्या. सातवी शिकलेल्या होत्या, पण कित्येक वर्षांत किराण्याच्या यादीपलीकडं काही लिहिलं नव्हतं. आम्ही वाट बघत होतो 'ल'ची.

त्यांनी 'च' काढला.

"काकू, चुकलं," पल्लवी कुजबुजली. "ल काढायचाय."

"चुकलं न्हाय," काकू म्हणाल्या, आणि 'च'वर अनुस्वार दिला.

त्याच वेळी मागून सायकलची घंटी वाजली. कुणीतरी मागावर जाऊन चुगली केली होती. आण्णा आले ते थेट कारखान्यातून, केसांत, भुवयांत, खांद्यांवर कापसाची लव तशीच. सायकल त्यांनी उभी केली नाही, सोडूनच दिली. ती धाडकन पडली.

"लक्ष्मे!"

काकूंचा हात थांबला नाही. 'द्र' काढून झाला होता, आता 'क' चालू होता.

"काय चाललंय हे? सांगितलं हुतं ना, हिला भाईर काढू नगंस म्हणून? पोरीचं नाव गेलंय, आन तू सगळ्या गावाफुडं..."

काकूंनी 'ला'चा काना दिला, ब्रश डब्यात ठेवला आणि मग सावकाश वळल्या. एवढ्या माणसांदेखत त्यांनी नवऱ्याच्या डोळ्याला डोळा दिला.

आण्णा भिंतीकडं बघत होते. ओठ हलवत त्यांनी वाचलं. "चंद्र... कला. ही कोण?"

"मी."

"तू लक्ष्मी."

"ती तुम्ही केलेली. लगनात तांदळाच्या ताटात अंगठीनं 'लक्ष्मी' लिवलासा, ध्येनात हाय का? त्या दिवसापतुर मी चंद्रकला हुतो. आई-बा हाक मारायचे. शाळंच्या हजेरीत हुतं. एका रेघंत पुसलं." काकूंचा आवाज कापत होता, पण तुटला नाही. "तुम्ही म्हनता पोरीचं नाव गेलं. माझं गेलं तवा कुनाला लाज वाटली न्हाय. वाजंत्री वाजवली. मी बी काय बोललो न्हाय. पर हिचं जाऊ देनार न्हाय मी. ते तिनं तिच्या हातानं लिवलंय, ते काय जात न्हाय आता कुठं."

गर्दीत आता बायकाही होत्या, पाण्याला निघालेल्या, बाजाराला निघालेल्या, आणि त्यांच्यातली प्रत्येक जण आण्णांकडं बघत होती. आण्णांनी ती दोन नावं परत वाचली, आधी वरचं लाल, मग खालचं निळं. मग परत वरचं. बिघडलेल्या मागापुढं उभे राहून ते असेच बघत बसायचे, नक्की कुठं काय अडकलंय ते सापडेपर्यंत.

"ज्योत्स्ना म्हंजे चांदणं," ते स्वतःशीच म्हणाले. बारशाला ऐकलेलं त्यांना आठवत असावं. मग त्यांची नजर वरच्या नावावर गेली आणि तिथंच थांबली.

"चंद्राचं चांदणं," ते म्हणाले. "म्हणून तू पाळण्याची दोरी सोडत नव्हतीस व्हय?"

काकूंनी मान हलवली. आता मात्र त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आण्णांनी डोक्यावरची कापसाची लव झटकली, परत झटकली. ज्या माणसाच्या शब्दाला गल्ली थरथरायची त्याला शब्दच सापडेना.

मदतीला धावली पल्लवीची आई. ती मुळातच लग्नाकार्यात पुढं असणारी बाई. घागर कडेवर तशीच ठेवून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आण्णा, नाव घ्या की मग!"

हशाचा लोट उसळला. आमच्याकडं नवी नवरी उंबऱ्यात अडवली की बायका याच सुरात ओरडतात, नाव घे, नाव घे! नवऱ्याचं नाव घ्यायचं, तेही यमक जुळवून, तेव्हा कुठं आत सोडायचं. आजवर त्या गल्लीत कुणी गड्याला अडवलेलं नव्हतं.

"गप बसा गं," आण्णा पुटपुटले.

"गप कशाला? आमी जलमभर घेतली तुमची नावं. एकदा तुमी घ्या!"

"घ्या, घ्या!" म्हणून सगळ्या बायकांनी कल्ला केला. पोरीही सामील झाल्या. आण्णांनी सायकल उचलली, तेव्हा मला वाटलं, झालं, चालले. पण त्यांनी ती नीट स्टँडवर लावली. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. खाकरले. आणि जमिनीकडं बघत, एकेक शब्द धुंडाळत, म्हणाले,

"उभं सूत, आडवं सूत, धोटा पळतो मधनं,
चंद्रकलेचं नाव घेतो... पोरगी शाळंला उद्यापासनं."

पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. टाळ्या, शिट्ट्या, कुणी घागरीवर ताल धरला. रेश्मा मला मिठी मारून नाचत होती आणि आम्ही दोघी लाल-निळ्या रंगात चिंब भिजलो होतो. पल्लवीच्या आईनं घागर खाली ठेवली आणि अबोलीताईच्या हातातला ब्रश ओढून घेतला. "मी माहेरची इंदुमती," ती म्हणाली. "सरका." तिच्यामागं बायकांची रांगच लागली. कुणी यमुना, कुणी शेवंता, कुणी मालन. जिला लिहिता येत नव्हतं तिचा हात धरून तिच्या लेकीनं लिहिलं. भोवती उभे असलेले कितीतरी गडी आपापल्या बायकोचं नाव तिथंच पहिल्यांदा वाचत होते. त्या भिंतीवर पुढं कुणा टवाळानं रेघसुद्धा ओढली नाही. ओढणार कशी, कुणाची ना कुणाची आई तिथं लिहिलेली होती.

आणि त्या सगळ्या गोंधळात ज्योत्स्ना आण्णांसमोर जाऊन उभी राहिली. कपाळ निळं, हात निळे.

"आण्णा," ती म्हणाली, "उखाण्यात मी नुसती 'पोरगी'? माझं नाव?"

आण्णांनी एकदा भिंतीकडं बघितलं. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात ओरडलेला माणूस, पण त्या क्षणी त्यांनी आवाज खाली आणला. बोट हवेत धरून, अक्षरामागून अक्षर, वाचत वाचत म्हणाले,

"ज्यो... त्... स्ना."

त होता.